ट्रॅप म्हणजे पायरी



शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचे पठार आले की एक शब्द हटकून येतो. कोठे तो 'दख्खनचा ट्रॅप' असा छापलेला असतो, कोठे 'डेक्कन ट्रॅप', तर कोठे नुसता 'ट्रॅप खडक'. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पुढे थोडेबहुत इंग्रजी येऊ लागले म्हणजे एखाद्या चौकस मुलाला शंका येते की, गुरुजी, ट्रॅप म्हणजे तर सापळा, उंदीर धरायचा पिंजरा; मग आपल्या खडकाला सापळा का म्हणायचे? शंका रास्त आहे. शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला तर हा अर्थ मनापासून पटेल. विहिरीपायी कर्ज काढून, पन्नास फुटांवर काळ्या पत्थरात अडकून बसलेला माणूस म्हणेल, "सापळाच की हो हा!"

पण ह्या शब्दाचा सापळ्याशी संबंध नाही. स्वीडन देशाच्या भाषेत जिन्याला 'ट्रप्पा' म्हणतात. जर्मन भाषेतला 'ट्रेप्पे' हा शब्दही त्याच घरातला. जिना, पायऱ्या, हाच ट्रॅपचा अर्थ. इंग्रजीतला सापळा आणि स्वीडिश जिना ह्या दोहोंचे मूळ फार मागे 'पाय टाकणे' ह्या एकाच कल्पनेत असावे असे भाषेचे जाणकार मानतात. परंतु ते चुलत घराणे झाले. आपल्या खडकाचे नाव पायरीवरून आले एवढे पक्के धरावे.

आता स्वीडनच्या जिन्याचे नाव आमच्या घोडनदीच्या खडकाला कसे चिकटले? गोष्ट अठराव्या शतकातली आहे. स्वीडनमध्ये त्या काळी लोखंडाच्या आणि तांब्याच्या खाणी जोरात चालत आणि त्यामुळे दगडांची पारख करणारे फार नामी विद्वान तेथे निपजले. त्या देशात वेस्टर्योटलंड नावाचा प्रांत आहे. तेथे शिन्नेकुल्ले वगैरे काही सपाट माथ्याचे डोंगर सपाटीतून वर आलेले दिसतात. खाली गाळाचे खडक आणि माथ्यावर टणक काळ्या दगडाची टोपी. बाजूने पाहिले तर डोंगर उतरत उतरत, टप्प्याटप्प्याने खाली आल्यासारखा वाटतो. अशा काळ्या दगडाला तेथले लोक आणि खनिजांचे अभ्यासक 'ट्रप' म्हणू लागले. उप्साला विद्यापीठातले टॉर्बर्न बर्गमन ह्यांच्या लिखाणामुळे तो शब्द युरोपभर रुळण्यास मोठा हातभार लागला.

ह्या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'ट्रॅप' हे नाव दगडाच्या जातीवरून पडलेले नाही, डोंगराच्या आकारावरून पडले आहे. त्या काळात काळा दगड जन्मला कसा ह्यावर विद्वानांत मोठे रणकंदन माजले होते. सॅक्सनीमधील फ्रायबर्गचे वेर्नर म्हणत की हा दगड समुद्राच्या पाण्यातून साका बसावा तसा बसला. उलट फ्रान्समधील देमारे ह्यांनी १७६३ च्या सुमारास ओव्हेर्न भागात हिंडून दाखवून दिले की हा दगड तर विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडापासून वाहत आलेला आहे. पाण्याचे पक्षपाती आणि अग्नीचे पक्षपाती असे दोन तटच पडले. अशा भांडणात 'ट्रॅप' हा शब्द सर्वांनाच सोयीचा झाला. पायऱ्या दोघांनाही दिसत होत्या. त्या पाण्याने केल्या की विस्तवाने, हे न सांगताही शब्द वापरता येई. मला वाटते, हा शब्द एवढा टिकला ह्याचे हे एक कारण असावे.

ह्या दगडाचे शास्त्रीय नाव आहे बेसाल्ट. त्या नावाचीही कुळकथा मजेची आहे. लॅटिन भाषेत प्लिनी नावाच्या ग्रंथकाराच्या पोथ्यांत 'बसाल्टेस' असा शब्द सापडतो. पुष्कळ विद्वानांचे म्हणणे असे की तो नकलनविसाच्या हातून झालेला घोटाळा आहे. मूळ शब्द 'बसानिटेस' असावा, आणि त्याचा ग्रीक अर्थ कसोटीचा दगड. आमचे सोनार ज्या काळ्या दगडावर सोने घासून कस पाहतात तसाच तो! पुढे १५४६ मध्ये अग्रिकोला ह्या जर्मन पंडिताने सॅक्सनीतल्या स्टोल्पेन येथील काळ्या खांबांसारख्या दगडाला तेच नाव दिले आणि ते कायम झाले. म्हणजे पोथी उतरवून घेणाऱ्याचा हात चुकला, आणि ती चूक आज जगातल्या सर्व भूगोलांत मानाने बसली आहे. आपल्याकडील परिभाषाकारांनी बेसाल्टला 'असिताश्म' म्हटले. असित म्हणजे काळा, अश्म म्हणजे दगड. शब्द शुद्ध आहे, पण गावात कोणाच्या तोंडी तो बसला नाही. आम्ही काळा पत्थर म्हणतो, कातळ म्हणतो, काळा पाषाण म्हणतो, आणि तेवढ्याने आमचे काम भागते.

हा ट्रॅप शब्द दख्खनच्या गळ्यात घातला तो विल्यम हेन्री साइक्स ह्या फौजी अधिकाऱ्याने, असे सामान्यतः मानले जाते. १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने हा गृहस्थ होता. (खडकी हे नावच खडकावरून आले, हा योगायोग नोंदून ठेवण्यासारखा आहे.) पुढे १८२४ पासून मुंबई सरकारने त्याला दख्खनची गणती करण्याच्या कामावर नेमले. माणसे, गुरे, पिके, वजने-मापे, पक्षी, पाऊस, जे दिसेल ते त्याने टिपले. ते करता करता दगडही पाहिले. १८३३ साली लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या ग्रंथात त्याचा दख्खनच्या एका भागाविषयी निबंध छापला गेला. युरोपात शिकलेला शब्द त्याच्याजवळ होता आणि समोर सह्याद्री होता. शब्द आणि डोंगर एकमेकांना असे चपखल बसले की पुढे भारतीय भूशास्त्र सर्वेक्षण खात्यानेही, जे १८५१ मध्ये स्थापन झाले, तेच नाव चालू ठेवले.

पाहा, 'दख्खन' हा शब्द संस्कृत 'दक्षिण' वरून प्राकृतातून आलेला. 'ट्रॅप' हा स्वीडिश. दोन टोकांचे दोन शब्द जोडून झालेल्या ह्या नावाचा अर्थ इतकाच होतो : दक्षिणेतल्या पायऱ्या.

ह्या पायऱ्या झाल्या कशा? आपण एखादा उंच, टोकदार ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणतो. धूर ओकणारा, चित्रात असतो तसा. आमच्याकडे प्रकार तसा नव्हता. येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा, अकराशे-बाराशे अंश उष्णतेचा, उतू गेलेल्या दुधासारखा बाहेर येऊन पसरला. एक थर पसरला, निवला. काही काळ गेला. मग दुसरा आला. काही थर दोन-चार मीटर जाडीचे, काही तीस-चाळीस मीटरांचे. असे थरावर थर बसत गेले. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते आणि पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे. महाराष्ट्राचे पाच वाटे केले तर चार वाट्यांहून अधिक जमीन ह्याच खडकाची. पार आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीजवळ, ट्रॅपचा एक तुकडा सापडतो. तोही ह्याच लाव्ह्याचा, शेकडो कोस वाहत गेलेला, असावा असे दिसते.

काळ विचाराल तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. ह्याच सुमारास पृथ्वीवरील महाकाय सरडे, डायनोसॉर, नाहीसे झाले. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या उल्केचा वाटा किती आणि आमच्या लाव्ह्यातून निघालेल्या विषारी वायूंचा वाटा किती, ह्यावर शास्त्रज्ञांचा वाद अद्याप चालू आहे. तो त्यांचा त्यांना चालवू द्यावा. रशियाच्या सायबेरियातही असाच आणि ह्याहून जुना, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा ट्रॅप आहे आणि त्यालाही हेच जिन्याचे नाव आहे.

आता थर सपाट, मग पायरी कोठून आली? त्याचे उत्तर थराच्या अंगातच आहे. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग सावकाश निवतो. तो घट्ट, टणक होतो. वरचा भाग मात्र फेसाळ राहतो. लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात आणि दगड निवताना तसेच अडकून बसतात. भाकरीला पापुद्रा सुटावा, आंबोळीला जाळी पडावी, तसा तो सच्छिद्र भाग. ऊन-पावसाने हा वरचा भाग लवकर झिजतो, कुजतो, त्याचा मुरूम होतो. खालचा टणक भाग मात्र कड्यासारखा उभा राहतो. टणकाचा कडा, मऊची सपाटी. पुन्हा टणकाचा कडा, पुन्हा सपाटी. हा झाला जिना. गडकोट बांधणारांनी ह्याच जिन्याचा उपयोग केला. कड्याची भिंत फुकट मिळाली. सपाटीवर माची झाली. आणखी एक पायरी वर चढले की बालेकिल्ला.

शिरूर-दौंडकडचा माणूस म्हणेल, "हे सगळं सह्याद्रीचं झालं. आमच्याकडे तर सपाट माळ. इथं पायऱ्या कुठं?" त्याला सांगावे की आमच्याकडे पायरी रुंद आहे, इतकी रुंद की चालताना ती कळत नाही. तरी डोळे उघडे ठेवले तर ती दिसते. दौंड तालुक्यात यवतजवळ सोलापूरच्या रस्त्यावरून दक्षिणेला पाहा. भुलेश्वराच्या डोंगराची रांग दिसेल. पावसाळा संपता संपता, गवत अजून हिरवे असताना, त्या उतारावर आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. काळी रेघ कड्याची, हिरवी रेघ सपाटीची. वरचे भुलेश्वराचे देऊळ यादव काळातले, त्याच काळ्या पाषाणात कोरलेले. त्या खांबांवरची आणि मूर्तींवरची बारीक नक्षी सच्छिद्र दगडात कधी उठली नसती. ज्याने तो दगड निवडला त्याला थराचा घट्ट भाग कोणता आणि फेसाळ कोणता हे नक्की ठाऊक होते. ट्रॅप हा शब्द त्याने ऐकलेला नसला म्हणून काय झाले?

पाथरवटांना आणि वडार मंडळींना ही पारख पिढ्यान्पिढ्यांची आहे. घणाचा आवाज ऐकून दगड 'बोलतो' की 'बसका' आहे हे ते सांगतात. जात्याची तळी, पाटा-वरवंटा, देवळाची पायरी ह्यांसाठी एक दगड आणि गडग्यासाठी दुसरा. १९७२ च्या दुष्काळात ह्या भागातल्या हजारो बाया-बापड्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, तीही हीच. दौंडच्या जंक्शनात रुळांखाली पसरलेली काळी खडीही हीच. डोळ्यांसमोर रोज असलेल्या वस्तूचे नाव पुस्तकात वाचूनही ओळख पटू नये, हे आमच्या शिकवण्याचे वैगुण्य म्हणावे लागेल.

आता निघोजच्या कुंडांविषयी दोन शब्द. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज ह्यांच्यामध्ये कुकडी नदीने काळ्या कातळात चर कापला आहे. त्यात रांजणासारखे गोल, खोल, गुळगुळीत खळगे आहेत. शास्त्रात त्यांना 'रांजणखळगे' हाच मराठी शब्द आहे आणि तो फार चांगला आहे. मळगंगेच्या दर्शनाला आलेली मंडळी वाकून पाहतात आणि कोणी म्हणतो ही ज्वालामुखीची तोंडे. तसे नाही बरे. कातळ ज्वालामुखीचा, पण खळगे नदीने केलेले. पुराच्या पाण्यात भोवरा होतो, भोवऱ्यात गोटे सापडतात आणि वर्षानुवर्षे तेच गोटे गरगर फिरून कातळाला भोक पाडतात. एखाद्या कोरड्या खळग्याच्या तळाशी असे गोल गोटे पडलेले आढळतात. ती त्या कारागिराची हत्यारे समजावीत.

असाच दुसरा घोटाळा कुकडीच्याच काठी, वर जुन्नर तालुक्यात बोरी येथे होतो. तेथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. शिक्षक मंडळी कधी कधी तो आमच्या ट्रॅपशी जोडतात. ती राख येथली नव्हे. ती समुद्रापलीकडच्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची, वाऱ्याने उडत आलेली. तोबाच्या कोणत्या स्फोटाची, ह्यावर संशोधकांत मतभेद आहेत. परंतु सगळीच मते धरली तरी ती ट्रॅपच्या मानाने कालपरवाची ठरते. खाली कोट्यवधी वर्षांचा कातळ आणि वर लाखांच्या हिशेबातली राख. एका नदीच्या काठावर दोन ज्वालामुखींच्या दोन गोष्टी आहेत.

बुडबुड्यांविषयी थोडे सांगायचे राहिले. लाव्ह्याच्या वरच्या भागात जी पोकळ भोके राहिली त्यांत पुढे पाणी झिरपत गेले आणि त्या पाण्यातले क्षार बसत बसत ती भरून निघाली. कोठे पांढरी गारगोटी, कोठे चुन्याचे स्फटिक, कोठे मोरपिसाऱ्यासारखे फुललेले झिओलाइट नावाचे खनिज. पुण्याहून शिरूरकडे जाताना वाघोलीच्या दगडखाणी लागतात. तेथे निळ्याभोर रंगाचे कॅव्हन्साइट नावाचे खनिज निघाले आणि जगातल्या संग्रहालयांत वाघोलीचे नाव गेले. गंमत अशी की, 'झिओलाइट' हे नावही स्वीडनमधलेच. क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली ते ठेवले. हा खडा तापवला की आतले पाणी फसफसून निघते, म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला 'उकळणारा दगड' म्हटले. आमच्या काळ्या दगडाला नाव स्वीडनचे आणि त्याच्या पोटातल्या फुलांनाही नाव स्वीडनचेच!

गारगोटीचा उपयोग तर त्याहून जुना. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मंडळी त्या कामात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या काळात तेथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. तांबे त्यांच्याकडे होते, पण थोडे. रोजची कापाकापी ते ट्रॅपच्या पोटातून निघालेल्या चकमकीच्या जातीच्या दगडाच्या बारीक पात्यांनी करीत. नदीचे पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट आणि बांधही तेथे आढळला. हे लोक काळ्या जमिनीजवळ राहत, पण घरे पांढरीवर बांधीत. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची, ही आपली बोली ध्यानात आणा. ती काळी म्हणजे ट्रॅपच कुजून झालेली माती. उन्हाळ्यात तिला हाताहाताच्या भेगा पडतात, पावसात ती फुगून मिटतात. खाली खोदले की चुनखडीचे खडे लागतात. तो चुनाही ह्याच दगडातून सुटलेला.

आणि आता पाण्याकडे येतो, कारण ह्या पायरीच्या नावाचा शेतकऱ्याला खरा उपयोग येथे आहे.

काळ्या पत्थराच्या अंगात पाणी नसते. वाळूच्या मुलखात जमीन कोठेही खोदली की पाणी लागते, तसे येथे नाही. येथे पाणी असते ते तीन ठिकाणी : वरच्या मुरमात, थराच्या सच्छिद्र माथ्यात, आणि टणक दगडाला निवताना पडलेल्या भेगांत. म्हणजे पाणीही पायरीपायरीने बसलेले असते. विहीर खोदताना आधी माती, मग मुरूम, मग कच्चा खडक, आणि मग पहार वाजू लागते. कच्च्या खडकापर्यंत जे पाझर लागले ते वरच्या पायरीचे पाणी. त्याच्या खाली घट्ट कातळ. तो पंधरा-वीस मीटर कोरडा फोडावा लागेल आणि मग कदाचित खालच्या थराचा फेसाळ माथा लागेल. त्यात पाणी असेलच असे नाही, पण असले तर तेथे असेल. मधल्या कोरड्यात सुरुंग उडवून भेगा 'पाडून' पाणी आणता येईल ही आशा बहुधा महागात पडते. वरच्या पाझराच्या पातळीवर विहिरीतून आडवे बोअर मारणे पुष्कळदा अधिक फळते, कारण ते त्याच पायरीवर चालते.

दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी-तांबड्या मातीचा पट्टा लागतो. आपल्याकडे त्याला कोणी गेरू म्हणतात. एक थर निवून दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात तयार झालेली ती माती. वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेली. हा पट्टा चिकण असतो आणि अनेकदा पाणी त्याच्यावरच अडते. डोंगराच्या अंगाला जेथे तो बाहेर पडतो तेथे त्याच्या माथ्यावर ओल दिसते, एखादी जिवंत उंबराची झाडी दिसते. बोअरच्या यंत्रातून राखाडी भुकटी येता येता एकाएकी तांबडी येऊ लागली, तर समजावे की एक पायरी संपून दुसरी लागली. त्या वेळी किती फूट झाले हे लिहून ठेवावे. बोअर मारणारा ते लिहीत नाही. त्याचा हिशेब फुटावर पैसे हा असतो.

आता आमच्या गावांतून काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. शेजाऱ्याने तीनशे फूट खाली घातले म्हणून आपण चारशे. हातावर नारळ उभा राहिला म्हणून तेथेच जागा धरली. पाणाड्याच्या नारळाची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण नारळाला थर दिसत नाहीत आणि शेजारच्या विहिरीत ते उघडे दिसत असतात. खोल बोअर घेताना आणखी एक धोका आहे. वरच्या पायरीच्या खाली कोरडा पण सच्छिद्र थर असेल आणि बोअरला वरपासून नीट केसिंग नसेल, तर वरचे पाणी त्या भोकातून खाली उतरून जाते. बोअरही फुकट आणि शेजारची चांगली चालणारी विहीरही मार्गशीर्षातच तळ दाखवू लागते. मग भाऊबंदांत भांडणे. कोणी बोलून दाखवत नाही, पण पुष्कळ वितुष्टे ह्या भोकातून निघालेली आहेत.

कधी उलटही घडते. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्या भेगांत शेवटचा लाव्हा तसाच निवून उभ्या दगडी भिंती तयार झाल्या. नाशिकपासून पुण्याच्या पट्ट्यात अशा भिंती पुष्कळ आहेत. शेतातून सरळ रेघेत गोट्यांची ओळ गेलेली दिसते ती कधी कधी अशा भिंतीची असते. जमिनीखाली ती आडवी आली की वाहणारे पाणी तिच्या वरच्या अंगाला तुंबते. भिंतीच्या एका बाजूची विहीर भरलेली आणि दहा पावलांवरची दुसऱ्या बाजूची कोरडी, हा चमत्कार मग चमत्कार राहत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यात १९७२ पासून आहे. तिच्या तज्ज्ञांना विचारावयास जाताना आपल्या शिवारातल्या विहिरींची खोली आणि लागलेले थर लिहून नेले तर त्यांचे आणि आपले, दोघांचेही काम सोपे होते.

गुरुजनांसाठी दोनचार गोष्टी सांगून थांबतो. त्यांना खर्च काही नाही.

नदीची वाळू कागदावर पसरून तिच्यातून लोहचुंबक फिरवावा. काळे कण चिकटून येतील. ते ट्रॅपमधल्या लोहखनिजाचे. माळावरून दगडाच्या भोकातले पांढरे खडे गोळा करून चाकूने ओरखडावेत. ओरखडा उठला तर तो चुन्याचा किंवा झिओलाइटचा, न उठला तर गारगोटी. चुन्याच्या खड्याची पूड करून तीवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात. गारगोटी ढिम्म राहते. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे मोठ्या मुलांना गावातल्या एखाद्या बांधकठडा असलेल्या विहिरीवर न्यावे, आत उतरवू मात्र नये. काठावरूनच गाठी मारलेली दोरी सोडून माती कोठवर, मुरूम कोठवर, जाळीचा दगड कोठवर, काळा पत्थर कोठून, ओल कोणत्या पातळीवर, हे वहीत उभ्या पट्टीवर काढून घ्यावे. दुसऱ्या आठवड्यात दुसरी विहीर, मग तिसरी. तीन पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, प्रत्येक विहिरीच्या काठाची उंचसखल धरून वरखाली सरकवल्या, आणि एका थराला दुसऱ्या पट्टीतल्या त्याच थराशी रेघेने जोडले, की गावाखालचा जिना कागदावर उतरतो. ती पट्टी शाळेच्या भिंतीवर लावून ठेवावी. पुढच्या वर्षी विहीर धरू पाहणारा कोणी ना कोणी पालक ती पाहावयास येईल, आणि त्या वेळी वही दाखवण्याचे काम मुलांकडेच द्यावे.